फक्त पाण्यासाठी

हॉकन्स प्रेअरी, मिनेसोटा
४ मे

ती. व्हर्नाताईस,
धाकट्या एल्डनचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण हाताला पेट्रोलचा वास होता आणि तो तुला पाकिटातूनही आला असता. फोन केला असता, पण फोनवर तू बोलतेस, मला नुसतं घूं घूं ऐकू येतं आणि मी हो हो म्हणत राहतो. मागे असंच हो म्हटलं आणि तुझी नणंद आठवडाभर माझ्याकडे राहून गेली.

सांगायचं ते हे. माझा पेट्रोलचा जुना कॅन गळायला लागला म्हणून नवा आणला. लाल, प्लास्टिकचा, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेलं की हा सांडत नाही. ताई, अख्ख्या जन्मात मी जेवढं सांडलं नसेल तेवढं ह्या न सांडणाऱ्यानं एका महिन्यात सांडलं! त्याला हवा जायला भोकच ठेवलेलं नाही. तोटीवर एक हिरवी कडी आहे. ती आधी पिरगाळायची, मग दाबायची, मग दाबलेली ठेवूनच तोटी टाकीच्या काठावर टेकवायची, आणि वर कॅन उलटा धरायचा. एवढे हात देवानं मला दिलेले नाहीत. आधी थेंब येत नाही, आणि मग येतं ते भसकन, टाकी सोडून सगळीकडे.

घरच्या अंगणात हे चाललं असतं. पण चर्चच्या दफनभूमीचं गवत मी कापतो, आणि मधेच मशीन थांबलं की जिथे असेल तिथेच पेट्रोल भरावं लागतं. एकदा ते नेमकं गेलॉर्ड ट्वेटच्या आईच्या थडग्यापुढे थांबलं. आता तिथे गवत जळून जेवणाच्या ताटाएवढा पिवळा डाग आहे. गेलॉर्ड चर्चचा खजिनदार. त्यानं मंडळात विषय काढला की एल्डनचं आता वय झालं, हे काम शहरातल्या कंपनीला देऊ. मेमोरियल डेला सगळी घरं फुलं घेऊन थडग्यांवर येतात, तोवर मला मुदत आहे. त्या दिवशी गवत नीट दिसलं नाही तर काम गेलं.

पैसे तसेही मिळत नाहीत, त्याचं दुःख नाही. पण माझी आर्लीन तिथे आहे. तिच्यावरचं गवत कंपनीच्या माणसानं कापावं हे मला सहन होणार नाही. जिवंतपणी तिनं माझ्याशिवाय कुणाला अंगणात मशीन लावू दिलं नव्हतं.

बडला विचार, दाजींकडे काही युक्ती आहे का. लोभ असू दे, आणि नणंदेला माझा पत्ता देऊ नको.

तुझा,
एल्डन

ग्रँड फोर्क्स
९ मे

चि. एल्डन यास,
ताईचे अ. आ.

तू चिरंजीव कसला, कान गेलेला म्हातारा आहेस, पण मी मोठी आहे तोवर चि. च लिहिणार.

तुझं पत्र बडला वाचून दाखवलं. तो इतका हसला की त्याची कवळी सूपमध्ये पडली. मग गंभीर होऊन म्हणाला की ह्यात नवीन काय, मी कॅन आणला की पहिल्यांदा ड्रिलच घेतो. कॅन कोरा असतानाच, पेट्रोल भरायच्या आधी, मागच्या बाजूला वर एक भोक पाडायचं आणि त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवायचा. ओतताना टोपण काढायचं, एरवी लावून ठेवायचं. हवा आत गेली की पेट्रोल गरीब गाईसारखं बाहेर येतं. तुझा कॅन वापरलेला आहे, तर त्याला ड्रिल लावू नकोस, नाहीतर ठिणगीनं भडका उडेल आणि तुलाही त्याच दफनभूमीत पुरावं लागेल. नवा आण, असा निरोप आहे.

आणि बाबांचा तो पत्र्याचा जुना कॅन माझ्या ओट्यावर आहे. त्याला मागे हवेचं झाकण आहे, लांब तोटी आहे, आणि तो कधीही सांडला नाही. मी त्यात प्लास्टिकची सूर्यफुलं खोचली आहेत. तुला हवा का?

आर्लीनच्या थडग्यावरच्या जिरेनियमच्या फुलझाडांना पाणी घालत जा. लोभ आहेच, जेव नीट.

तुझी,
व्हर्ना

हॉकन्स प्रेअरी
१४ मे

ती. ताईस,
सा. न.

बडला सांग, युक्ती उत्तम आहे, पण मला जमणार नाही. नवा कॅन आणला, ड्रिलही काढलं. मग कॅनच्या तळाशी बारीक अक्षरं दिसली. चष्मा लावून वाचलं. ह्यात कोणताही फेरफार करू नये, असं छापलेलं होतं. आता हे वाचलंच नसतं तर गोष्ट वेगळी, पण वाचल्यावर कसं करणार? आर्लीन म्हणायची की गादीला शिवलेली कंपनीची चिठ्ठी काढू नये असं तिच्यावर लिहिलंय म्हणून तुझ्यापायी मी आयुष्यभर टोचणाऱ्या चिठ्ठीवर झोपले. ते खरंच आहे.

त्यामुळे आता माझ्याकडे न सांडणारे दोन कॅन आहेत आणि दोन्ही सांडतात. काल गेलॉर्ड कुंपणापाशी उभा राहून बघत होता. म्हणाला की वा, छान चाललंय, वेगळंच काहीतरी दिसतंय. आपल्याकडे कुणी वेगळंच म्हटलं की त्याचा अर्थ काय ते तुला ठाऊक आहे. माणूस मेला तरी इथले लोक वाईट म्हणत नाहीत, वेगळं म्हणतात.

बाबांच्या कॅनचं म्हणशील तर छे छे, मला कशाला. तुझी सूर्यफुलं कुठे जातील? राहू दे.

लोभ कमी करू नको.
तुझा,
एल्डन

ग्रँड फोर्क्स
१८ मे

चि. एल्डन यास,
अ. आ.

तुझ्यापुढे हात टेकले. आता माझं ऐक. तुमच्या गावातल्या शेतीच्या दुकानात जा. मागच्या भिंतीला जुन्या पद्धतीच्या तोट्या टांगलेल्या असतात, सोबत हवेचं बूचही मिळतं. कायद्यानं त्या पेट्रोलसाठी विकता येत नाहीत, म्हणून वर लिहिलेलं असतं की फक्त पाण्यासाठी. मिनेसोटातला एकही माणूस त्यातून पाणी ओतत नाही. दुकानदाराला माहीत आहे, तोटी बनवणाऱ्याला माहीत आहे, बहुधा देवालाही माहीत आहे. तू फक्त तोंड मिटून विकत घे आणि घरी ये. काउंटरवर प्रवचन करू नकोस.

आणि मी पुन्हा विचारते, बाबांचा कॅन हवा का? सूर्यफुलांचं मी बघीन.

लोभ आहे, पण सहनशक्तीला सीमा आहे.
तुझी,
व्हर्ना

हॉकन्स प्रेअरी
२७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी बुडालो.

तोटी आणली, आणि तिच्या मापाचा पाण्याचा कॅनही. काउंटरवरच्या पोरीनं आपलं सहज विचारलं की पाण्यासाठी ना आजोबा, आणि मी हो म्हणालो. गाडीची किल्ली फिरवायला गेलो आणि लक्षात आलं. मी त्या पोरीशी खोटं बोललो होतो, ताई. ते पोर चर्चमधल्या माझ्या रविवारच्या वर्गात होतं, खोटं बोलू नये हे तिला मीच शिकवलंय!

मग मला वाटलं की आधी एकदा ह्यातून खरंच पाणी ओतलं तर मी बोललो ते खरं होईल. म्हणून मेमोरियल डेच्या आदल्या दिवशी कॅन पाण्यानं भरला, आर्लीनच्या जिरेनियमना मनसोक्त घातलं आणि हलक्या मनानं घरी आलो. कॅन उलटा करून झटकला आणि त्यात पेट्रोल भरलं. वाळवायला हवा होता. एवढी अक्कल मला त्या वेळी नव्हती.

ओततानाचं सुख काय सांगू! एक थेंब सांडला नाही. अर्धी दफनभूमी कापून होईतो मी गुणगुणत होतो. मग टाकी पुन्हा भरली, आणि जरा पुढे जाताच मशीन खोकलं, शिंकलं आणि आर्लीनच्या रांगेतच मेलं. तळाचं पाणी सगळं आत गेलेलं. दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली.

मेमोरियल डेला सगळं गाव फुलं आणि झेंडे घेऊन आलं तेव्हा दफनभूमी अर्धी केस कापून न्हाव्याच्या खुर्चीतून पळालेल्या माणसासारखी दिसत होती. वाईट कुणीच बोललं नाही. सगळे म्हणाले, वेगळं दिसतंय. आर्लीनच्या थडग्यावर घोट्याएवढं गवत होतं. मला तिथे उभं राहवेना.

पुढच्या गुरुवारी मंडळाची बैठक आहे. काम जाणार हे नक्की.

बाबांचा कॅन नको ग, उगाच तुला त्रास. आता मला त्याचा उपयोगही काय.

लोभ असावा, त्याची आता गरज आहे.
तुझा,
एल्डन

ग्रँड फोर्क्स
३० मे

चि. एल्डन यास,
अ. आ.

बैठकीत उभा राहा आणि जे झालं ते सगळं सरळ सांग. तुला दुसरं काही येतही नाही.

आपल्या घरात लोणी वाढतानासुद्धा दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, हे तुला आईनं शिकवलं तेव्हा मी शेजारीच बसले होते. तुझं दोनदा नको झालेलं आहे. तर आता तिसऱ्यांदा विचारते: बाबांचा कॅन हवा का? बड रविवारी तुमच्या तळ्यावर मासे धरायला येतोच आहे. कॅन गाडीत ठेवलेला आहे. सूर्यफुलं काढली.

लोभ होता, आहे, राहील.
तुझी,
व्हर्ना

हॉकन्स प्रेअरी
१० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हो. हवा.

बडनं तो ओट्यावर ठेवला तेव्हा मी आत जाऊन उगाच चष्मा पुसत बसलो. तोटीवर बाबांनी गुंडाळलेली तार अजून आहे.

आता बैठकीचं ऐक. चर्चच्या तळघरात कॉफी होती, लिंबाच्या वड्या होत्या. गेलॉर्डनं ठराव मांडला. पास्टर क्रिस्टननं मला विचारलं की नक्की झालं तरी काय. मी उभा राहिलो आणि तोटी, काउंटरवरची पोर, माझं खोटं, ते खरं करायला घातलेलं पाणी, सगळं सांगितलं. सांगून झालं आणि मी बसलो. बाकीचे सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते.

पास्टर म्हणाली की मी शहरात वाढले, मला ह्यातलं कळत नाही, तर नुसती माहिती म्हणून विचारते, आणखी कुणाच्या घरी अशी फक्त पाण्याची तोटी आहे का. मग ऑर्गन वाजवणाऱ्या आर्डिसनं हात वर केला. मग एकेक करत सगळ्यांनीच. शेवटी गेलॉर्डनं केला आणि घसा खाकरून म्हणाला की त्याच्याकडे दोन आहेत, एक होडीसाठी.

त्यावर पास्टरनं शांतपणे विचारलं की ह्यांपैकी कुणी त्यातून खरोखर पाणी ओतलंय. सगळे हात खाली गेले. माझा एकट्याचा वर राहिला, मला वाटलं खाली घेणं म्हणजे पुन्हा खोटं. ती म्हणाली की म्हणजे ह्या तळघरात त्या पोरीशी खरं बोललेला माणूस एकच आहे, आणि आपण त्यालाच काढायला बसलोय. मग ठरावाला कुणी अनुमोदन देता का, असं तिनं विचारलं. कुणीतरी वड्यांचं ताट पुढे सरकवलं, पाऊसपाण्याचा विषय निघाला आणि ठराव तिथेच बारगळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलॉर्ड हत्यारांची पेटी घेऊन दारात हजर. दोघांनी मिळून टाकी रिकामी केली, मशीन उघडून पुसून काढलं. जाताना म्हणाला की डागाचं काही नाही, आईला पिवळा रंग आवडायचा.

काल उरलेली दफनभूमी कापली. पेट्रोल बाबांच्या कॅनमधून ओतलं, गेलॉर्डच्या आईपाशीसुद्धा एक थेंब सांडला नाही. आर्लीनची रांग शेवटी ठेवली होती. ती कडेनं हातकात्रीनं कापली, तिला आवडायची तशी.

मग दुसरा कॅन उचलला, दुकानातल्या पोरीकडून आणलेला. तो आधीच साबणानं धुऊन दोन दिवस उन्हात वाळवला होता. नळावर भरला आणि जिरेनियमना पाणी घातलं. इथून पुढे तो ह्याच कामाला. दुकानात गेलो की त्या पोरीला सांगणार आहे की हो, पाण्यासाठीच.

बडला मासे मिळाले नाहीत, तो म्हणेल मिळाले. लोभ आहे तस्साच राहू दे, आणि सूर्यफुलांना दुसरं घर मिळालं का ते कळव.

तुझा धाकटा,
एल्डन