पहिल्या पानावरचा पूर्वपक्ष

शिर्सी,
मंगळवार, ९ सप्टेंबर

चि. सौ. विशालाक्षीस अण्णाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. पाऊस हटत नाही, सुपारी कोळेरोगाने कुजते आहे, आणि तुझ्या वहिनीने धाडलेली लोणच्याची बरणी न फुटता पोचली असेल अशी आशा आहे. आता तक्रार.

तू कचेरीत अधीक्षक झालीस याचा मला अभिमान आहे. पण थोरल्या भावाच्या पत्राचं मुंडन करण्याचा अधिकार तुला कोणत्या शास्त्राने दिला? उपसंचालकांच्या पत्राला उत्तर म्हणून मी ‘विद्वज्जनवंदित, शिक्षणकार्यधुरंधर’ अशा अवघ्या सहा विशेषणांनी आरंभ केला होता. तू सहाही छाटलीस आणि वर बजावलंस, “महोदय पुरे. विषयाच्या ओळीत त्यांच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख घाल. उत्तर पहिल्या वाक्यात. राग कुठेच नको. आणि प्रत साऱ्या गावाला पाठवू नकोस.” आमच्या गुरुजींनी म्हशीच्या वैद्यालासुद्धा याहून लांब मायना लिहिला होता.

क्रमांक घातला, तारीख घातली, विशेषणंही गिळली. उत्तर पहिल्या वाक्यात मात्र घातलं नाही. त्याचं फळ ऐक.

त्यांचं पत्र तू वाचलं आहेस, तरी पुन्हा उतरवतो; उतरवलं की संताप ताजा होतो. तालुक्याच्या पठणस्पर्धेत आमच्या पाठशाळेच्या पाच मुलांनी एकाच श्लोकात एकच चूक केली, पालकांनी अर्ज दिला, तरी आपणांस वर्गावरून काढून ग्रंथालयात का नेमू नये, याचा खुलासा सात दिवसांत ई-मेलने करावा. सत्तावीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला ही भाषा. ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं, त्यातल्या एकात मांजर व्यालेली.

मी शास्त्राला धरून उत्तर लिहिलं. आधी पूर्वपक्ष मांडला, आणि पुरा बळकट मांडला. प्रतिपक्षाला दुबळा करून जिंकण्यात काय पुरुषार्थ? ‘पाच मुखांतून एकच चूक निघते, म्हणजे ती मुलांची नव्हे. शिक्षकाने ती वर्षभर खपवून घेतली. खपवून घेतली, कारण त्याला ती कळली नाही.’ असं पानभर. दुसऱ्या पानावर खंडन.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. ‘आपण परिच्छेद एक ते तीनमध्ये दोष मान्य केल्याने सोमवारपासून वर्ग अन्य शिक्षकाकडे देण्यात येत आहेत.’

मान्य! मी तडक उपसंचालकांची कचेरी गाठली. तिथल्या टेबलावर नायक म्हणून एक कारकून बसतो.

“भट्टरे,” तो कानडी अदबीने म्हणाला, “तुम्हीच लिहिलंय की.”

“तो पूर्वपक्ष आहे. विरुद्ध बाजूचं म्हणणं.”

“मग विरुद्ध बाजूला लिहू द्यायचं. तुम्ही कशाला तसदी घेतलीत?”

“दुसरं पान वाचलंत का?”

तो काहीतरी पुटपुटला. मी पुन्हा विचारल्यावर सगळ्या खोलीला सांगावं तसं म्हणाला, “साहेब पहिलं पान वाचतात, भट्टरे. दुसरं आहे हे मलाही आत्ताच कळतंय.”

खोलीत हशा पिकला. एका पोरगेल्या बाईने मला खुर्ची दिली, तेवढीच माणुसकी. प्रतिपक्षाचं म्हणणं आधी ऐकून घ्यावं ही रीत ज्या देशात हजारो वर्षं चालली, तिथे ते लिहिणाराच गुन्हेगार ठरतो. घरी आल्यावर तुझी वहिनी म्हणाली, “तुम्ही आरोपीचे आणि फिर्यादीचे, दोघांचेही वकील झालात. फी तरी दोनदा मागायची.”

फेरविचाराचा अर्ज शुक्रवारपर्यंत चालेल म्हणतात. तू पहिल्या उत्तरासाठी धाडलेला मसुदाच पुन्हा समोर आहे. तीन ओळींचा, कोरडा, निर्दोष. ‘आपल्या पत्रातील आरोप मला मान्य नाही’ ही पहिली ओळ. चार दिवस झाले, बाकी दोन ओळी मी आनंदाने पाठवीन, ही पाठवता येत नाही. तुझ्या पद्धतीवर रागावलो तो यासाठीच. तिच्यात लपायला जागा नाही.

दुसऱ्या पानावर मी खंडन केलं असं वर लिहिलं. खंडन केलं नव्हतं. माझी सत्तावीस वर्षं मोजली होती.

विशाले, मला ऐकू येत नाही. उजवा कान दीड वर्षापूर्वी गेला, डाव्याला सूर कळतो, अक्षरं निसटतात. मुलांच्या ओठांवरून भागवतो. ऑगस्टमध्ये वर्गातली नागवेणी उभी राहून तोच श्लोक म्हणत होती. मी ‘साधु’, म्हणजे शाबास, म्हणालो, आणि बाकीची मुलं एकमेकांकडे बघू लागली. हसली नाहीत. हसली असती तर बरं होतं.

ग्रंथालयाचं भय नाही. वर्षभरात मी आणखी कशाकशाला ‘साधु’ म्हटलं ते मला ठाऊक नाही, आणि ती मुलं माझ्या भरवशावर ते जन्मभर म्हणतील. दुरुस्त करायला वर्गात जावं, तर कानच नाहीत. तुझ्या वहिनीला, सुगुणालाही मी अजून सांगितलेलं नाही.

पहिली ओळ काय लिहू ते कळव. फोन करू नकोस, लिहून धाड.

तुझा,
अण्णा