मुंब्वाची काठी आणि गणिताचा पेपर

मसाका, शाळेचं वसतिगृह
दि. १० जून

ती. आत्यास केविनाचा, कागदावरच गुडघे टेकून, शि. सा. न. वि. वि.

भेटीच्या रविवारी मी फाटकाजवळच्या आंब्याखाली चार वाजेपर्यंत बसून होते. सगळ्यांच्या घरून केळीच्या पानात बांधलेलं, उकडल्या कच्च्या केळ्यांचं मातोके आणि कोंबडी आली. कंपालाहून बाबा आले, साखर आणि साबण देऊन गेले. पण मी वाट तुझी बघत होते. मग कळलं की सरोवरावर वारा होता आणि बेटावरून फेरीबोट सुटलीच नाही. वाऱ्यावर रागावून काय उपयोग, म्हणून तुझ्यावर रागावले. संध्याकाळी तुझी आठवण येऊन तो रागही गेला.

आता बाबांना सांगता येत नाही आणि आईशी बोलायची आपल्यात रीत नाही, ते लिहिते. दर महिन्याला पाळीचे पहिले दोन दिवस मी माणसात नसते. ओटीपोटात कोणी ओलं धुणं पिळतंय असं वाटतं, ते कमरेतून मांड्यांत उतरतं, खाल्लेलं उलटून पडतं. गेल्या खेपेस भूगोलाच्या तासाला बाकावरून खालीच गेले. आमच्या मेट्रन गोरेत्ती म्हणाल्या, इथे तीनशे मुली आहेत, तीनशेंनाही पोट आहे, तुझंच काय ते सोन्याचं का. मुलींचे उपाय विचारू नकोस. एक म्हणते साखर सोड, दुसरी म्हणते कोका-कोला तापवून पी. रोबिना म्हणते पहिलं मूल झालं की आपोआप थांबतं.

ऑक्टोबरात शेवटची परीक्षा आहे. त्यात एक पेपर जरी असा जमिनीवर गेला तरी वर्ष गेलं, आणि बाबांनी सांगितलंय की वर्ष गेलं तर पुढची शाळा विसर. आपल्यात हे सांगायचं काम आत्याचं. तेव्हा सांग.

तुझीच,
केविना


बुगाला बेट
दि. १९ जून

चि. केविनास आत्या पेरेपेतुआचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र धक्क्यावरच फोडलं, उभ्यानं दोनदा वाचलं. तोवर वाळत घातलेल्या मुकेनेवर बगळ्यांनी जेवण उरकलं. एवढुशा मासळीला तेवढी घाई. असो, त्यांचंही पोट आहे, तुझ्या मेट्रनला सांग.

मूल झालं की थांबतं, हे रोबिनाचं बोलणं कानात गेलं असेल तसं बाहेर काढ. माझ्या आत्यानं मला हेच सांगितलं होतं. मी चौदाची होते, सातवीची शेवटची परीक्षा, गणिताचा पेपर. त्या सकाळी मी चुलीजवळच्या चटईवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते आणि बाहेरून मैत्रिणी शाळेकडे जाताना ऐकू येत होत्या. शाळा तिथेच सुटली. सोळाव्या वर्षी आत्यानं, औषध म्हणून, माझं लग्न लावून दिलं. दुखणं माझ्याबरोबर सासरी आलं आणि मूल मात्र वाटेतच कुठे राहिलं. पुढे अक्षरं मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून पक्की केली, ते तुला ठाऊक आहे. पण त्या पेपरात काय विचारलं होतं, ते मला आजवर कळलं नाही. कधी कधी मासे पसरताना मनात येतं, सुटलं असतं की काय ते गणित.

बोटीवरच्या माणसाबरोबर मुंब्वाच्या दोन काठ्या पाठवते. माती आणि पाला मी स्वतः कुटून वळल्यात, केळीच्या सोपट्यात बांधल्यात. दगडावर पाण्यात थोडी घासून ते पाणी पी. मला त्यानं जरा बरं वाटायचं. शिवाय बाटलीत गरम पाणी भर, फडक्यात गुंडाळ आणि ओटीपोटावर धर. पडून राहू नकोस, झेपेल तेवढी चाल.

तुझी खाट मी काढलेली नाही. तिच्यावर कोंबडी बसते, पण जागा तुझी आहे हे तिला सांगून ठेवलंय.

मायेची ओंजळ रिती होऊ देऊ नकोस.
तुझी आत्या


मसाका
दि. ७ जुलै

ती. आत्यास शि. सा. न.

आत्या, घोटाळा झालाय. दोन तारखेला पाळी आली, म्हणून न्हाणीमागच्या दगडावर मी मुंब्वा घासत होते. मेट्रननी बघितलं. काठी हातात घेतली, वास घेतला आणि मला विचारलं, किती महिने झाले. मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, दर महिन्याला होतं. त्यावर त्या जास्तच चिडल्या. म्हणाल्या, मी चार मुलांची आई आहे, मुंब्वा बाई कधी घासते ते मला शिकवू नकोस. पोटुशी बाई घासते.

मी ओकत होते, चक्कर येत होती, ते सगळं त्यांनी त्याच खात्यात धरलं. पाळी आलीय म्हटलं तर म्हणाल्या, असं म्हणणाऱ्या पाचजणी या शाळेतून घरी गेल्यात. तेव्हापासून मला वर्गात बसू देत नाहीत. आजाऱ्यांच्या खोलीत एकटी आहे. दहा तारखेला दवाखान्यात नेणार, मग बाबांना बोलावणार. हॉलमधून सगळ्या पाढ्यांसारखी सूत्रं म्हणतात, ते मी भिंतीला कान लावून ऐकते. दवाखान्यात काय निघणार ते मला माहीत आहे. पण तोवर अख्खं वसतिगृह माझ्या पोटाकडे बघतंय.

तू इथे असतीस तर पाठीवर हात ठेवला असतास, एवढंच सारखं वाटतं.

केविना


बुगाला बेट
दि. ११ जुलै

श्रीमती मेट्रन गोरेत्ती यांस, बेटावरच्या पेरेपेतुआचा नमस्कार वि. वि.

केविना ही माझ्या भावाची मुलगी, चार वर्षांची असल्यापासून माझ्या अंगणात वाढलेली. ती काठी माझ्या हातची आहे. गुन्हा असेल तर तो बेटावर राहतो, तुमच्या वसतिगृहात नाही.

तुम्ही म्हणता ते खोटं नाही. मुंब्वा पोटुशी बाई घासते. पाठवताना हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं, पण कसं येणार? बाई, मी स्वतः तीस वर्षं ही काठी घासली. घासून घासून दारातल्या दगडाला खळगा पडलाय, त्यात पावसाचं पाणी साचतं आणि कोंबड्या पितात. दर महिन्याला दोन दिवस दुखायचं म्हणून घासायची, आणि दर वेळी नवऱ्याकडच्या बायका कुजबुजायच्या, की या खेपेला नक्की. कधीच नक्की झालं नाही. मुंब्वा म्हणजे मूल, हा हिशेब खरा असता तर माझ्या घरात आज पाय ठेवायला जागा नसती.

त्या पोरीला वर्गात बसवा. मी एका पेपराला मुकले आणि जन्मभर मासे वाळवले. मासे वाळवण्यात कमीपणा नाही, पण मला विचारून कुणी ते काम दिलं नव्हतं.

आपण चार लेकरांच्या आई, तीनशेंच्याही आहात. राग आला तर माझ्यावर काढा, माया उरली तर तिच्यावर.
पेरेपेतुआ


मसाका
दि. २० जुलै

श्रीमती पेरेपेतुआ यांस नमस्कार.

तपासणी झाली. तसं काही नाही. केविना त्याच दिवसापासून वर्गात बसते. तिच्या वडिलांना मी बोलावलं नव्हतं, आता बोलावणारही नाही. वसतिगृहातल्या मुलींना जे सांगायचं ते मी रात्रीच्या प्रार्थनेनंतर सर्वांसमोर सांगितलं.

दवाखान्याच्या सिस्टरनं मलाही चार शब्द सुनावले. माझ्या आईनं मला दात खाऊन सोसायला शिकवलं, तेच मी पुढे चालवत होते. स्वयंपाकघरात आता एक किटली पोटावरच्या बाटल्यांच्या गरम पाण्यासाठी वेगळी ठेवली आहे. पहिल्याच आठवड्यात तिच्यासाठी नऊ मुली आल्या. मला वाटायचं, एकटी केविनाच आहे.

काठ्या माझ्या कपाटात आहेत, नावाची चिठ्ठी लावून. तुमच्या दगडाचं मी विसरले नाही.

आपली,
गोरेत्ती


मसाका
दि. २ सप्टेंबर

ती. आत्यास, कोंबडीला आधी उठवून मग तुला, शि. सा. न. वि. वि.

शेवटच्या वर्गाला सुटी नाही, तेव्हा येता येणार नाही. वर्गातल्या नकाशावर आपलं बेट दिसत नाही, नाहीतर रोज त्यावर बोट ठेवलं असतं. सरोवराचा वास लागावा म्हणून मुकेनेची रिकामी पुडी पेटीत ठेवलीय. रोबिना म्हणते, तुझे कपडे मासळीबाजारात मांडले तर विकले जातील.

सिस्टर चांगल्या आहेत. म्हणाल्या, दुखण्याची गोळी तू चुकीच्या वेळी घेतेस, घर जळून गेल्यावर पाणी ओततेस. कळ लागायची चाहूल आली की लगेच, पोटात काही घालून, आयब्युप्रोफेनची गोळी घ्यायची, आणि दोन दिवस त्या सांगतील तशीच. बाकी गरम बाटली आणि चालणं, ते तुझंच. जुलैअखेरीस मी उशीर केला आणि लोळले. या खेपेस, एकोणतीस ऑगस्टला, वेळेवर घेतली. दुखलं, पण मी बाकावर होते आत्या, जमिनीवर नव्हते. तरी दर महिन्याला वाढत गेलं तर आतून पोट बघायची तपासणी करायची, असं त्यांनी वहीत लिहून दिलंय.

त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का. मी तुझं सांगितलं, सगळं. म्हणाल्या, तुझ्या आत्याला न बघता सांगता येणार नाही, पण कधी कधी अशा दुखण्यामागे गर्भाशयाचा एक आजार असतो, आणि त्यात मूल राहायलाही अडचण येते. बाईचा त्यात काही दोष नसतो.

तुला लिहू की नको, असं तीन दिवस चाललं होतं.

तिथून एकोणतीस-एकोणतीस दिवस दोनदा मोजले तर सव्वीस ऑक्टोबर येतो. त्या दिवशी गणिताचा पेपर आहे.

केविना


बुगाला बेट
दि. १३ सप्टेंबर

चि. केविनास अनेक आशीर्वाद.

लिहिलंस ते बरं केलंस. ते वाक्य वाचून मी दाराबाहेर गेले आणि त्या दगडावर बसले. माझी आत्या गेली, नवरा गेला, कुजबुजणाऱ्या बायका म्हाताऱ्या होऊन चर्चला काठी टेकत येतात. आता सांगायचं तरी कुणाला? शेवटी कोंबडीला सांगितलं. दोष नव्हता म्हणे. पन्नाशी उलटल्यावर कळलं, पण कळलं.

गणिताच्या पेपराचं वाचून आधी चुलीजवळची ती चटईच डोळ्यांपुढे आली. मग म्हटलं, माझ्या वेळी पाळी सांगून आली नव्हती. तुझी सांगून येतेय. सांगून येणाऱ्या पाहुण्यासाठी चूल आधी पेटवून ठेवता येते. पहाटे उठून लापशी पी, रिकाम्या पोटी गोळी घेऊ नकोस. बाटली मांडीवर ठेवून लिहू देतील का, ते मेट्रनना आजच विचार. नाही म्हणाल्या तर मला कळव, मला त्यांचा पत्ता पाठ झालाय.

त्या दिवशी इथून हात पोचणार नाही. मी धक्क्यावर बसेन, तुझ्या बाजूला तोंड करून.
आत्या


मसाका
दि. २८ ऑक्टोबर

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पहाटे पाचलाच चाहूल लागली. मेट्रन लापशीची वाटी घेऊन खाटेशी उभ्याच होत्या. हॉलमध्ये बाटली मांडीवर होती, पर्यवेक्षकांनी तिचं बूच उघडून आत कागद नाही ना ते बघितलं. मधल्या एका तासात बाटली गार झाली आणि कळ चढली. तेवढ्यात खिडकीशी मेट्रन दुसरी बाटली धरून दिसल्या. पर्यवेक्षक तिचंही बूच उघडून हसले. मी शेवटची घंटा होईपर्यंत लिहीत होते. एक प्रमेय राहिलं. पास होईन.

डिसेंबरात मला बाबा परस्पर कंपालाला नेणार आहेत. ख्रिसमसनंतर बेटावर पाठवतो म्हणाले, पण नक्की तारीख सांगत नाहीत.

म्हणून माझ्याआधी हे पाठवते. गणिताची प्रश्नपत्रिका आम्हाला ठेवू देतात. तुझी सातवीची नाही, माझी आहे, पण मेट्रन म्हणाल्या की हीच पाठव. कडेला लापशीचा डाग आहे, तो त्यांचा.

केविना


बुगाला बेट
दि. ११ नोव्हेंबर

चि. केविनास आत्याचे, चष्मा पुसून, आशीर्वाद.

पेपर मिळाला. दिवा लावायच्या आत वाचता यावा म्हणून मासे आज लवकर उचलले. बरीचशी चिन्हं मला ओळखीची नाहीत, तुमच्या वेळी गणितात अक्षरंच जास्त दिसतात. पण पहिला प्रश्न अपूर्णांकांचा आहे. तो मी दगडावर बसून कोळशानं सोडवला. दोनदा पुसला, तिसऱ्यांदा जमला असं वाटतं. उत्तर लिहीत नाही. तू येऊन तपास.

दुसऱ्या प्रश्नाला हात लावलेला नाही. कोंबडीला खाटेवरून उतरवलंय. ख्रिसमसनंतर जी फेरीबोट येईल तिला मी धक्क्यावर आहे, आणि तीत नसलीस तर पुढच्या बोटीला.

तुझी आत्या
पेरेपेतुआ