अविश्वासाच्या आदल्या दिवशी

सोमवार, १० मार्च १९५८

प्रिय नीला,

दोन आळ्या ओलांडल्या की तुझं घर, आणि आई पत्र लिहिते आहे म्हणून हसशील. हस बाई. पण गेल्या पंधरवड्यात दोनदा तुमच्या दारावरून गेले, दोन्ही वेळा तुझे सासरे ओसरीवर बसलेले. पूर्वी विहीणबाई, चहा घेऊन जा म्हणून हाक मारायचे. आता मी दिसले की वर्तमानपत्र तोंडापुढे धरतात. हे पत्र सखुबाई दुधाबरोबर तुझ्याच हातात देईल. वाचून झालं की चुलीत घाल.

इकडचं म्हणशील तर सगळं ठीक, म्हणजे काहीच ठीक नाही. तुझे बाबा पानावर बसतात आणि घास हातात तसाच राहतो. मनातल्या मनात माणसं मोजत असतात. मी आमटी वाढायला गेले की म्हणतात, काळुराम फुटणार नाही ना गं? मी म्हणते, आमटी निवतेय. एवढंच आमचं बोलणं.

तुला सासरी एकच बाजू ऐकायला मिळत असेल, म्हणून दुसरी सांगते. गेल्या वर्षी आपल्या नगरपालिकेत कुणालाच बहुमत मिळालं नाही. बाबांच्या गटाचे नऊ, विरोधकांचे सहा, तुझ्या सासऱ्यांचे चार आणि खाडीकाठच्या वाडीतला काळुराम एकटा, अपक्ष. बाबांच्या नवांत मीही धरलेली, बायकांच्या राखीव जागेवर. तुझ्या सासऱ्यांनी, विश्रामरावांनी, बाहेरून पाठिंबा दिला आणि बाबा अध्यक्ष झाले. बाहेरून म्हणजे कसं, तर पंगतीला बसणार नाही, पण भाजीत मीठ किती घालायचं ते आम्ही सांगणार. त्याच आठवड्यात तुझा साखरपुडा झाला. लोक मुलगी देतात आणि वर हुंडाही देतात, त्र्यंबकरावांनी मुलगी देऊन चार मतं घेतली, असं गावात बोलत होते. मीही हसले होते तेव्हा. सुधीर गुणी मुलगा, तुला मनापासून आवडलेला, मग त्यात आणखी कुणाचं भलं झालं तर बिघडलं कुठे? बाबा म्हणाले, पाठिंबा आज आहे, उद्या नाही, पण सोयरीक झाली की माणूस बांधला जातो. बांधलं कोण गेलं ते आता दिसतंय.

वर्षभर मी सभेला जाते आहे. माझी खुर्ची वेगळी, खिडकीशी. सुरुवातीला तुझ्या बाबांना अध्यक्षमहाराज म्हणताना जीभ अडखळायची आणि घरी आल्यावर मी त्यांना मुद्दाम तसंच म्हणायची, अध्यक्षमहाराज, दळण आणता का? ते हसायचे. खरं सांगते नीला, त्या खुर्चीत बसून मी पहिल्यांदा तुझ्या बाबांना नीट पाहिलं. चार माणसांच्या मर्जीवर उभं राहून काम करायचं म्हणजे रोज कुणाला तरी समजवायचं, कुणाचं तरी ऐकून घ्यायचं. आवाज न चढवता ते करत होते. मला त्यांचा अभिमान वाटायचा, आजही वाटतो.

मोडलं ते नळावरून. काळुरामने एकच मागितलं होतं, वाडीला पाणी. तिथल्या विहिरी खाऱ्या, बायका भरतीच्या चिखलातून कळश्या घेऊन येतात. काळुरामची बायको तुळसा पाय घसरून पडली, तेव्हापासून लंगडते. बाबांनी ठराव आणला, नवी पाइपलाइन आधी वाडीला. विश्रामरावांना ती आधी वरच्या आळीत हवी होती, त्यांचे मतदार तिथले. बाबांनी ऐकलं नाही. वर्षभरात त्यांनी नाही म्हटलेली ही पहिलीच गोष्ट. दुसऱ्याच दिवशी पाठिंबा गेला आणि अविश्वासाचा ठराव आला. उद्या दुपारी त्यावर सभा आहे. आमचे नऊ आणि काळुराम मिळून दहा, तुझ्या सासऱ्यांचे चार आणि विरोधकांचे सहा मिळून दहा. बरोबरी झाली तर ठराव पडतो आणि बाबा राहतात. काल काळुराम येऊन गेला. पायरीवर बसून मला म्हणाला, वयनी, नल आमचे वाडीन आला का पयलं पानी तुमाला पाजीन. मी पदराने कपाळ पुसत आत गेले.

आता तुझ्याविषयी. गुरुवारी जावईबापू आले होते. बराच वेळ टोपीशी चाळा करत बसले. तुझे पाय सुजलेत, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, हे त्यांनीच सांगितलं. तू मात्र निरोप पाठवतेस की मी मजेत आहे. मी म्हटलं, आठवा लागलाय, पहिलं बाळंतपण माहेरचं, आजच घेऊन येते. नौपाड्याला तुझ्या मावशीकडे ठेवीन, तिच्या शेजारीच डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, आई, आमचे बाबा म्हणतात, सभा होऊन जाऊ दे, त्र्यंबकरावांची खुर्ची गेली की सून पाठवू, नाही तर गावात सुइणी काय कमी आहेत? त्यांच्यावर रागावू नकोस. वडिलांपुढे त्यांचं काही चालत नाही, पण निदान त्यांनी खोटं सांगितलं नाही.

माझी थोरली, तुझी मंदाताई, गेली तेव्हा तू लहान होतीस. तुला सांगितलं होतं की तिला ताप आला. ताप नव्हता गं. तिलाही दिवस होते आणि पाय असेच सुजले होते. मानपानावरून रुसवा झाला, तिच्या सासरच्यांनी पाठवली नाही, आणि आम्ही भल्या माणसांसारखे त्यांचा राग उतरायची वाट बघत राहिलो. आंबिवलीहून, तिच्या सासरहून, माणूस आला तसे निघालो. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं उभी होती आणि कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मंदाचे केस विंचरलेले नव्हते. ते मी विंचरले.

हे मी बाबांना पुन्हा सांगितलं. ते रडले. मग म्हणाले, सुमती, आज लेकीसाठी वाकलो तर वाडीच्या बायकांना काय तोंड दाखवू? आणि विश्रामरावही बापच आहे, इतका खाली जाणार नाही. त्यांचं पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्यावर मी तुझा जीव ठेवू शकत नाही.

म्हणून हे पत्र. उद्या ठरावाच्या बाजूने अकरावा हात माझा असेल. विश्रामरावांना मी तसं कळवलंय आणि त्यांच्याकडून शब्द घेतलाय की बुधवारी सकाळी तुला न्यायला आले तर दार उघडं असेल. बाबांना सांगितलेलं नाही. संध्याकाळपासून त्यांनी दोनदा विचारलं, उद्या वेळेवर निघशील ना? मी हो म्हटलं. वाडीचा नळ आता होणार नाही, हे मला कळतं. तुळसा तशीच लंगडत पाण्याला जाईल, त्याला कारण मी. गावात काहीबाही उठेल, बाईमाणसाला फितवलं म्हणतील, तुझ्या सासऱ्यांनी मला काय दिलं याच्या कथा होतील. तू त्या ऐकण्याआधी माझ्याकडून ऐकावंस, एवढ्यासाठी लिहिलं. तुझ्यामुळे झालं असं मात्र मनात आणू नकोस, तू काही मागितलं नव्हतंस. बाबा माझ्याशी बोलतील की नाही, ठाऊक नाही. ट्रंकेत जुनी लुगडी घे, बाळाला मऊ लागतात. वजन उचलू नकोस. बुधवारी मी येते.

तुझीच, उद्यापासून बहुधा फक्त तुझीच,
आई