दोन्ही बाजूंचे हात

१४ ऑगस्ट १९८४
माझी विशाखा हसली! चंद्रपुरात आल्यापासून पहिल्यांदा. उद्या शाळेत झेंडावंदनानंतर नाचणार आहे. बाईंनी विचारलं, नाच कोणाला येतो? हिनं हात वर केला. कुरखेड्याकडच्या आमच्या गावात मैत्रिणीबरोबर, सोमारीबरोबर, रोज गोंडांचा रेला नाच नाचायची. मी ओरडायचे — "पुरे झालं वो! पाय तुटतीन तुये." आता नाही ओरडणार.

१५ ऑगस्ट
नाचली नाही. पटांगणात एकटी उभी राहिली, दोन्ही हात बाजूंना पसरून. कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी. पोरं हसली. बाई म्हणाल्या, "येत नाई तं हात काऊन वर केला?"

२० ऑगस्ट
पाच दिवस झाले, तोंडातून शब्द नाही. घोटभर पेज पिते, बस. गिरजावहिनी म्हणते, "जंगलातलं काई लागलं हिले." भावाच्या घरात राहते, मी काय बोलू?

२१ ऑगस्ट
डॉक्टर म्हणाले, काही नाही. काही नाही कसं!

२६ ऑगस्ट
भांडी घासताना एकदम कळलं. रेला एकटीनं नाचतच नाहीत! सगळ्या जणी एकमेकींचे हात धरतात, मगच पाय उचलतात. पोर हात शोधत होती.
मला आधी का नाही सुचलं? इतक्यांदा बघितलं! सोमारीची आई बोलवायची, "ये ना वो बाई, धर हात!" मला लाज वाटायची. मग ट्रकवरचं लाकूड अंगावर येऊन हे गेले. तेव्हापासून नाचाजवळ उभीही राहिले नाही. अक्षरं मी पोरीच्या पाटीवरून शिकले. नाच तेवढा शिकले नाही.

२९ ऑगस्ट
सोमारीच्या आईला निरोप पाठवला — लेकरू तुझ्याकडे ठेव, शनिवारी आणून सोडते.
भाऊ चिडला. "नवरा गेला. आता पोरगीबी टाकून येतेस का?"
तिच्याशिवाय मी कशाला उठायचं सकाळी? पण इथं ठेवली तर वाळून जाईल.

३१ ऑगस्ट
पिशवी भरली. दोन फ्रॉक, पाटी, यांचा फोटो.
संध्याकाळी चुलीजवळ तिचा हात धरला. जमतील तसे पाय हलवले. तिनं हात सोडवला नाही, पण हललीही नाही. दुसरा हात तसाच बाजूला — रिकामा. वहिनी दारातून बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१ सप्टेंबर
दहाची बस गेली. आम्ही घरीच!
निघताना वहिनी पीठ मळत होती. उठली, आणि भरल्या हातानं विशाखाचा दुसरा हात धरला. "चाल वो माय, दाखव मले. माये पाय बहुत जड हायेत, हसजो नको."
पोरीनं माझ्याकडे बघितलं. वहिनीकडे बघितलं.
"मामी, पयले डावा!"