शुक्रवारची बाग

नारपोली, भिवंडी
१८ मार्च २००७

प्रिय पूर्वी,

हे पत्र तू उघडलंस, म्हणजे अजूनही तू माझ्यापेक्षा बरीच आहेस. तुझ्या जागी मी असते तर पाकिटावरचं अक्षर ओळखूनच ते फाडलं असतं. माझं नाक किती वर असतं ते तुला सातवीपासून माहीत आहे. नारपोलीहून टेमघर रिक्षाने पंधरा मिनिटांवर, आणि ही बाई पोस्टाने पत्र पाठवते, असं म्हणून हसशीलही. पण मी तीनदा पीसीओवर गेले, तीनदा तुझा नंबर फिरवला आणि तिन्ही वेळा तुझा ‘हॅलो’ ऐकून फोन ठेवून दिला. ते फोन माझेच होते हो, तुझ्या नवऱ्यावर, प्रितेशदादांवर उगाच संशय घेऊ नकोस.

आपण शेवटचं बोललो त्याला परवा एक वर्ष आणि दोन महिने होतील. त्याआधी दोन वर्षं एकही शुक्रवार आपण चुकवला नव्हता. शुक्रवारी यंत्रमागाचे कारखाने बंद, मिथुन आठवड्याची झोप काढणार, मी सुगतला कडेवर घेऊन तलावाजवळच्या बागेत येणार, आणि तू स्कूटीवरून तुझ्या मृणालीला पुढे उभं करून. तू म्हणायचीस, अगं रविवारी जाऊया, शुक्रवारी सगळी नारपोली तिथे लोटते, झोपाळ्याला अर्धा तास रांग लागते. मी म्हणायचे, रविवारी आमच्या यांची ड्युटी, स्वयंपाक कोण करणार? मग तू डब्यातल्या तांदळाच्या भाकरीला खारा बोंबील लावून माझ्या हातावर ठेवायचीस. त्या गर्दीत बाकडं मिळवण्यात तुझा हात धरणारं कुणी नव्हतं. मुलं वाळूत, आपण बाकड्यावर, आणि घरी ज्याच्याबद्दल एक अक्षर काढता येत नाही ते सगळं तिथे. मला दुसरी मैत्रीण नव्हतीच गं. शेजारणी होत्या, जावा होत्या, पण माझं ऐकून घेणारं माणूस आठवड्यातून एकदा त्या बाकड्यावरच भेटायचं.

त्या शुक्रवारची मी किती वेळा उजळणी केलीय! संक्रांत झाली होती, मृणालीने लाल फुगा घेतला होता. तो सुगतच्या पाठीमागे फुटला. घसरगुंडीवरची मुलं दचकली, शेजारच्या बाईचं तान्हं रडायला लागलं, मी स्वतः उडाले. सुगत आपला प्लॅस्टिकच्या कपाने वाळू भरत होता. तू बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलीस. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, अगदी हळू, “धम्मा, रागावू नकोस, पण याला ऐकू येतं ना गं नीट?” एवढंच विचारलंस. आणि मी काय बोलले ते तुला आठवत असेल, तरी लिहिते, कारण ते माझ्याच हाताने लिहिल्याशिवाय मला सुटका नाही. मी म्हणाले, तुमच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली तेव्हापासून तुम्हाला आमच्यातलं सगळं कमीच दिसतं, आता पोरातही खोट काढायला लागलीस. तुझा चेहरा पांढरा पडला. भरलेला डबा बाकड्यावर तसाच टाकून मी मुलाला उचलून निघाले. पुढच्या आठवड्यात तू कानाच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून घरी आलीस, तेव्हा मी आत मोरीत उभी होते. धम्मा घरात नाही, असं सासूबाईंना मीच सांगायला लावलं होतं. तू जिना उतरून जाईपर्यंत मी बादलीत पाणी सोडून उभी होते.

आता माझी बाजू ऐक. बाजू कसली, तेव्हा काय वाटत होतं ते सांगते. आमच्या दोन खोल्या कारखान्याच्या वर. मिथुन लूमचा मिस्त्री, मध्येच बिघाड झाला तर हाताशी हवा, म्हणून शेठने दिलेल्या. खाली चोवीस लूम. आमच्या घरात नावाने हाक कुणी मारत नाही, मारली तरी ती पोचणार कुठे? कुणाला बोलवायचं तर पाय आपटायचा, खांद्याला हात लावायचा, नाहीतर ट्यूबलाइट दोनदा बंद-चालू करायची. चहा हवा तर अंगठा ओठाला, धागा तुटला तर दोन बोटांची कात्री. मिथुन दहा हात लांबच्या माणसाशी नुसते ओठ हलवून गप्पा मारतो. सुगतने हे सगळं दीड वर्षाचा असतानाच उचललं. खाली नेला की कारागीर त्याला डोक्यावर घ्यायचे, “मिस्त्री का बच्चा पैदाइशी कारीगर है” म्हणायचे. मिथुनची छाती फुगायची आणि माझीही. जो खुणांनी एवढं सगळं सांगतो, समोरच्याच्या ओठांकडे टक लावून एवढं सगळं समजून घेतो, त्याच्याबद्दल आपण काय म्हणू? हुशार. मीही तेच म्हणत होते.

आणि पुरावा होता गं आमच्याकडे! शुक्रवारी सकाळी लूम थांबले की सुगत झोपेतून खाडकन उठायचा. शनिवारी सुरू झाले की भिंतीला तळवा लावून हसायचा. थांबलेलं कळतं, सुरू झालेलं कळतं, मग ऐकू येत नाही कसं? सासूबाई म्हणजे आमच्या जाईबाई तर तू गेल्यावर उखडल्याच, “ऐकू येत न्हाय कसा? लूम थांबला का पोर जागा होतो. बोलंल सावकास, त्याचा बापूस बी पाच वर्सांचा झाला तवा बोलला हाय.” मला तेच ऐकायचं होतं, मी मान डोलावली.

आता जे लिहिते ते मिथुनलाही माहीत नाही. तू विचारलंस त्याच्या पुढच्याच शुक्रवारी, लूम बंद होते, मिथुन घोरत होता, मी सुगतच्या पाठीमागे जाऊन स्टीलचं ताट हातातून सोडलं. तो वळला. पूर्वी, तो वळला आणि मला बघून हसला! मी त्याला उचलून इतके मुके घेतले की तो घुसमटला. त्या दुपारी मी शिरा केला, कुणी विचारलं तर सहज म्हणून. पण शिरा ढवळताना काय वाटलं कुणास ठाऊक, मी तेच ताट हातात उचलून धरलं आणि त्याच्या मागे उभी राहून त्यावर चमचा मारला. एकदा, दोनदा, मग जोरात. मिथुन कूस बदलून ओरडला. सुगत आपल्या गाडीची चाकं फिरवत बसला होता. मी ताट घासून जाग्यावर ठेवलं आणि मनाशी म्हटलं, खेळात गुंगलाय. वर्षभर मी हेच म्हणत राहिले. तुझ्यावरचा राग धरून ठेवणं मला सोयीचं होतं, तो सुटला असता तर तो चमचा आठवला असता.

यंदा जानेवारीत बालवाडीची सहल निघाली, पडघ्याच्या पुढे आत वन खात्याची रोपवाटिका आहे तिथे. बालवाडीच्या आक्कांनी मुद्दाम शुक्रवार निवडला, बापांनाही येता यावं म्हणून. दोन टेम्पो भरून गेलो. मिथुन कधी नव्हे ते इस्त्रीचा शर्ट घालून आला, सुगतला खांद्यावर बसवून वाफे दाखवत फिरला. सागाची, खैराची रोपं काळ्या पिशव्यांत ओळीने, मागे झाडी आणि सुकत चाललेला ओढा. तिथली शांतता मला तर अंगावर आली. बोलताना आम्ही नारपोलीवाले केवढ्याने ओरडतो ते तिथे कळलं, सगळे एकमेकांकडे बघून हसत होते. तिथले रखवालदार बाळाराम म्हणून, म्हातारे, गमतीशीर. त्यांनी पोरांना एका मोठ्या झाडाखाली गोल बसवलं. म्हणाले, “आता डोले मिटा. मी सांगंन तवाच उघडायचे. कोन कोन पाखरू बोलतंय त्ये मोजा.” सगळ्यांनी मिटले. सुगतने शेजारच्या मुलीकडे बघितलं, मग त्यानेही मिटले, घट्ट, नाकाला सुरकुत्या पडेपर्यंत.

थोड्या वेळाने बाळाराम म्हणाले, उघडा. मुलं ओरडली, पाच, सात, दहा! आणि त्यांच्यामागून पुढच्या झाडाकडे पळाली. सुगत बसून राहिला, एकटा, मांडी घालून, डोळे घट्ट मिटून, सांगितलेलं ऐकणाऱ्या शहाण्या मुलासारखा. ओठांवर हसू होतं, सगळे जवळच बसलेत असं त्याला वाटत होतं. मी हाक मारली. मग मिथुनने मारली, कारखान्यात चोवीस लूमवरून जाईल अशी. झाडातले पोपट उडाले, पुढे गेलेली सगळी मुलं वळून उभी राहिली, आक्कांच्या हातातली पाण्याची बाटली पडली. सुगत हलला नाही. तिथे लूम नव्हते, गर्दी नव्हती, ज्याच्यावर ढकलावं असं काहीच नव्हतं. मिथुनने माझ्याकडे बघितलं. आणि मला तुझा गुडघ्यावरचा हात आठवला. शेवटी मी जाऊन सुगतच्या गालाला हात लावला तेव्हा त्याने डोळे उघडले. रिकामं झाड बघून तो आधी हसला, मग त्याचा चेहरा पडला.

तू सासूबाईंकडे दिलेला पत्ता मी फेकला नव्हता. गव्हाच्या डब्याखाली अंथरलेल्या कागदांत होता. त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पुढे ठाण्याला पाठवलं, तिथे त्याला औषधाने झोपवून डोक्याला वायरी लावून तपासलं. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं, जन्मापासून. डॉक्टर बाईंना आम्ही लूमचं सांगितलं, थांबले की उठतो ते. त्यांनी वहीवर आमच्या घराचं चित्र काढलं आणि फरशीवर बोट ठेवलं. त्याला लूम पायांतून, पाठीतून कळत होते, ताटही तसंच. मग म्हणाल्या, वर्षभर आधी आला असतात तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत, साधंच म्हणाल्या. ते वर्ष कुणी घालवलं ते त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं. जाईबाईंनी घरी आल्यावर सुगतला मांडीवर घेतलं आणि दिवसभर उतरवलं नाही. मिथुन त्या दिवसापासून शुक्रवारी झोपत नाही, सुगतसमोर बसून एकेक शब्द तोंड मोठं करून म्हणतो. त्याचं स्वतःचंही ऐकणं कमी झालंय, लूमवाल्यांचं होतंच, त्यामुळे दोघांची शिकवणी बघताना मी हसता हसता उठून आत जाते.

महिन्यापूर्वी एका शिबिरात त्याला ऐकण्याचं मशीन मिळालं. छातीवर खिशात एक डबी आणि दोन कानांना दोन वायरी. ठाण्याला बोलायला शिकवणाऱ्या बाईंच्या खोलीत ते लावलं आणि बाईंनी टाळी वाजवली तेव्हा तो माझ्या कुशीत शिरला. मग मान बाहेर काढून त्याने स्वतः टाळी वाजवली. मी तिथे कशी रडले ते लिहीत नाही. पण घरी आणलं आणि जिना चढता चढताच त्याने वायरी ओढून काढल्या, किंचाळला, डबी फेकली. रोज तेच. ते मशीन सगळंच मोठं करतं गं, चोवीस लूम त्याच्या कानात एकदम घुसतात. बाई म्हणाल्या, रोज दोन-तीन तास शांत जागी बसवा, आणि त्याच्याशी कुणीतरी सतत बोलत राहिलं पाहिजे, त्याच्या बरोबरीचं मूल असेल तर उत्तम. शुक्रवारी एक दिवस ते होतं, सहा दिवस वाया जातात. आम्ही खोली बघतोय, पण मिथुनने जागा सोडली तर काम सुटतं, पावसाळ्याआधी काही जमेल असं वाटत नाही. आणि बोलण्याचं हे वय थांबून राहत नाही, हे बाईंनी दोनदा सांगितलं.

तुमचं घर टेमघरला आत, मागे भाताची खाचरं, दुपारी पंख्याशिवाय आवाज नाही. आणि मृणाली झोपेतसुद्धा बडबडते म्हणून तू कंटाळून सांगायचीस. पूर्वी, मी पत्र लिहिलं ते याच्यासाठी. बालवाडी सुटली की मी सुगतला तुझ्याकडे घेऊन येईन, दोन तासांनी येऊन नेईन, फाटकाच्या आतही पाऊल टाकणार नाही. मशीन कसं लावायचं ते मिथुन दाखवून जाईल. माफ कर असं मी म्हणत नाही, तो हक्क मी त्या मोरीत उभी राहून घालवला. माझ्याशी तू नाही बोललीस तरी चालेल, आयुष्यभर नाही बोललीस तरी चालेल. त्याच्याशी बोल.

तुझीच,
धम्मदिना