लडाखला निघालेला पिंपळ

१७ डिसेंबर २००६, रविवार
सुधीरचा लडाखहून फोन. आवाज तुटत होता. छावणीमागचा एक पॉप्लर परवा पहाटे फुटला म्हणे. "ताई, आम्हाला वाटलं गोळीच सुटली. बाहेर जाऊन बघतो तर खोडाला वरून खालपर्यंत चीर!" मग आईने फोन घेतला. जेवतोस ना, मोजे दोन-दोन घालतोस ना. शेवटी म्हणाली, "तिथे एवढी बुद्धाची माणसं, मग पिंपळ कसा नाही रे?" सु. हसला. "थंडीत मरेल गं." आईने लगेच विषय बदलला. म्हणजे काहीतरी ठरवलंय.

१८ डिसें.
बर्फ होताना पाणी फुगतं हे शाळेपासून पाठ. बीएस्सीच्या पेपरातही लिहिलं. पण का? बाकी सगळं गार झालं की आखडतं, पाण्यालाच काय झालंय? कंपनीच्या लॅबमध्ये शेजारच्या टेबलावरच्या मेघाला विचारलं. ती उल्हासनगरची, सिंधी. "फुगता है तो फुगता है, तू तुझं सॅम्पल बघ." दुपारी डबा खाताना तीच परत आली, जुनं पुस्तक घेऊन. पाण्याचे कण एरवी कसेही दाटीने फिरतात. गोठताना प्रत्येक कण चौघांना धरून ठरावीक अंतरावर उभा राहतो, मधे पोकळी राहते.
विहारात पोरं मांडीला मांडी लावून बसतात तेव्हा खोली पुरते. त्यांनाच हात ताणून एकमेकांचे धरायला लावले तर अर्धी बाहेर. एवढंच! इतकी वर्षं का नाही सुचलं…

२० डिसें.
काल फ्रीजरमध्ये काठोकाठ भरलेली काचेची बाटली आणि पिंपळाचं एक पान ठेवलं होतं. सकाळी बाटली फुटलेली, मटारच्या पिशवीत काचा. आईची बोलणी खाल्ली. पान मात्र हिरवंगार, कडक. वाटलं, टिकलं की! ओट्यावर ठेवलं. चहा होईपर्यंत काळपट, लिबलिबीत, शिजवलेल्या पालकासारखं. आतल्या पेशी फाटल्या, पाणी बाहेर.
आईला दाखवलं. तिने बघून कचऱ्यात टाकलं.

२७ डिसें.
मग पॉप्लर जगतो कसा? मेघाने तिच्या मावसबहिणीचं बॉटनीचं पुस्तक आणलं. तिकडची झाडं थंडी वाढत जाते तशी हळूहळू पेशीतलं पाणी बाहेरच्या फटीत सोडतात. आत साखरेचा दाट रस उरतो, तो सहज गोठत नाही. बर्फ होतो तो पेशीच्या बाहेर. पण त्याला वेळ लागतो. एकदम कडाका पडला तर तीही मरतात. खोडाची चीर मात्र नुसती पाण्याच्या फुगण्याने नाही, बाहेरचं लाकूड आतल्यापेक्षा आधी आखडतं म्हणूनही. अजून नीट कळलेलं नाही. परत वाचायचं.
आई बुवापाड्याच्या विहारात गेली होती. तिथल्या भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप घेऊन आली, तेलाच्या डब्यात लावलं. सु. सुट्टीवर आला की त्याच्याबरोबर पाठवणार. मी म्हटलं, त्याला पाणी बाहेर सोडायचं माहीत नाही गं, ते उन्हातलं झाड.
"शिकेल. आपला सुधीर नाही शिकला?"

१४ जानेवारी २००७
सु. काल आला. रापलाय, ओठ फाटलेत. आईने पाय शेकायला गरम पाणी आणलं, तर मोजे काढेना. तिनेच ओढून काढले. डाव्या पायाची करंगळी काळपट.
तो रंग मी ओट्यावर बघितलाय.
"थोडी थंडी लागली, ताई. डॉक्टर म्हणाले राहील बोट." आईने माझ्याकडे बघितलं. पेशी, बर्फ, सगळं ओठांवर आलं होतं. मोजे उचलून धुवायला नेले. पहिल्यांदाच वाटलं, हे कळलं नसतं तर बरं.

१७ जाने.
रात्रभर तेच डोक्यात. शेवटी सकाळी त्यालाच विचारलं, दुखतं का? "आधी काहीच कळत नाही गं. गरम खोलीत आलो ना, तेव्हा ओरडलो." म्हणजे गोठताना नाही, वितळताना. पानासारखंच. त्याला पान सांगितलं. घाबरेल वाटलं, पण तो करंगळी हातात धरून बघत बसला. "म्हणजे आत असं झालं होय!"

४ फेब्रुवारी
सु. गेला. स्टेशनवर रोपाचा डबा मांडीवर. आईने बुंध्याला तिच्या जुन्या स्वेटरची बाही गुंडाळलीय. मी त्याला बजावलं, बाहेर लावू नकोस, छावणीच्या रसोईत ठेव, खोली तापवायच्या बुखारीपासून हातभर लांब.

२५ फेब्रु., रविवार
फोन. प्रवासात एके ठिकाणी रात्रभर गाडी अडकली, डबा गाडीच्या मागच्या भागात उघड्यावर राहिला होता. सगळी पानं गळाली. तरी रसोईतले लोक रोज पाणी घालतात, एक लडाखी पोर्टर येता-जाता हात जोडतो.
मी म्हटलं, नखाने साल खरवड. आत हिरवं दिसलं तर जिवंत.
"शेंड्याला खरवडलं, ताई. तपकिरी आहे. खाली बघायला हात होत नाही."
आईने फोन घेतला. "नको बघूस. पाणी कोमट करून घाल. करंगळी कशी आहे?"
ती त्याचं ऐकत उभी होती. काय म्हणाला ते अजून सांगितलेलं नाही.