तीन इकडे, तीन तिकडे

१२ नोव्हेंबर

सरांचं प्रमेय चुकलेलं आहे. किंवा मी चुकले. दुसरं जास्त शक्य.

१३ नोव्हेंबर

पुन्हा पहिल्यापासून केलं. मी नाही चुकले.

इंद्रकुमार सर माझे गाइड. ज्या प्रमेयामुळे त्यांचं नाव झालं, त्यावरच माझा प्रबंध उभा आहे. प्रमेय म्हणतं – रेषेवरच्या बिंदूंची मांडणी अस्थिर नसेल, तर तिला जशीच्या तशी ठेवणाऱ्या हालचाली मोजक्याच असतात. सिद्धतेत मधेच सरांनी 'हे उघड आहे' लिहिलंय. मलाही ते कायम उघडच वाटत आलं.

१४ नोव्हेंबर

आई लाखोरीची डाळ निवडत होती. सहा दाणे उचलले, बिंदू समजून एका रेषेत मांडले. रेषा ताणायची, आखडायची, सरकवायची – एवढ्याच हालचाली. निम्म्याहून जास्त दाणे एका जागी आले की मांडणी अस्थिर. नीट पसरलेले असले की स्थिर. पण रेषेच्या दोन टोकांना तीन इकडे, तीन तिकडे ठेवले तर? टोकं धरून मधली रेषा कितीही ताणा-आखडा, दोन्ही ढीग जागचे हलत नाहीत. अशा हालचाली अगणित! मांडणी अस्थिर नाही, पूर्ण स्थिरही नाही. सरांच्या प्रमेयात ती बसतच नाही.

आई म्हणाली, "खेळणं झालं असन तं दाणे परत टाक."

१६ नोव्हेंबर

बाबांना दुकानात जाऊन सांगितलं. ते सायकलचं पंक्चर काढत होते.

"सर चुकले, अन् तू बरोबर?"

"हो."

"मंग तू त्याईच्या हाताखाली काऊन हायेस?"

बाबांनी ठिगळ ट्यूबवर दाबून बसवलं.

"पयले डॉक्टर हो. मंग सांग त्याईले."

मी लवकरच डॉक्टर होणार, हे आईने अख्ख्या फुलचूर गावाला सांगून ठेवलंय. शेजारच्या सावित्रीबाईंना माझ्याकडून कंबरेचं औषध हवंय.

१९ नोव्हेंबर

सरांना फोन केला. सगळं सांगितलं. ते नुसतं "ठेवतो" म्हणाले.

२० नोव्हेंबर

फोन नाही. सहा दाणे पुन्हा मांडून पाहिले.

२४ नोव्हेंबर

सर आले. नागपूरहून रेल्वेने, न कळवता. आईने पोहे केले. सर खाटेवर बसले, म्हणाले, "दाखव."

दाखवलं. पोहे गार झाले.

"माझा प्रबंध गेला का सर?"

"तुझा अर्धा. माझं सगळं." मग माझा कागद पुढे ओढून, "विषम संख्या असेल तिथे निम्मे-निम्मे होतच नाहीत. तेवढं टिकतं. तेवढंच लिही."

मी रडणार होते. पण सरांचं बोलणं संपलं नव्हतं.

"तुझ्या आधी टीना उईके होती माझ्याकडे. कामठ्याची. प्रबंध सोडून गेली."

नाव ऐकलं होतं.

"तिने हेच आणलं होतं. मी कागद हातातही घेतला नाही. तुला हे झेपायचं नाही, म्हटलं."

आई पाणी घेऊन आली होती. तशीच उभी राहिली.

"कामठा इथून किती लांब आहे?" सरांनी विचारलं.

२५ नोव्हेंबर

सर आणि मी ऑटोने कामठ्याला गेलो. टीनाताई अंगणात धान वाळवत होती. सर उभ्या उभ्याच म्हणाले, "तुझं बरोबर होतं."

"हो सर. घरी येऊन परत करून पाहिलं होतं मी." तिने हात पुसले, खाट ओढली. "बसा. आता नाही करत मी गणित."